सुरमईला नको असलेले लूर

माशातलं आपल्याला सगळं कळतं, असं चारुदत्त ऑफिसच्या पँट्रीत चहा पिता पिता बोलून गेला, आणि तिथेच त्याच्या शनिवारांची वाट लागली. खरं तर त्याला कळत होती ती बाजारातली सुरमई. कल्ले उघडून बघायचे, बोटाने दाबून बघायचं, संपलं. पण ते शेजारी कॉफी घेत उभ्या असलेल्या जमालसाहेबांनी ऐकलं. साहेबांची स्वतःची बोट होती, आणि मासेमारीला बरोबर यायला माणूस हवा होता.

"खलास, ठरलं! या शनिवारी तू माझ्याबरोबर. लूरही तूच निवडून आण."

लूर म्हणजे हुक लावलेला प्लास्टिकचा खोटा मासा. चालत्या बोटीमागे तो दोरीने ओढत न्यायचा. सुरमई त्याला खरा समजून तोंड घालते आणि फसते. हे चारुदत्तने त्याच संध्याकाळी मोबाइलवर वाचलं.

त्याला दुःख लूरचं नव्हतं, शनिवारचं होतं. सोमवार ते शुक्रवार तो अल नहदातल्या घरून जेबेल अलीच्या ऑफिसला जायचा, आणि जाता-येता पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचा. रविवार किराणा आणि कुणाकुणाच्या मुलांचे वाढदिवस यांत जायचा. उरला शनिवार. त्या दिवशी तो मनसोक्त झोपायचा, आणि ती झोप होती म्हणूनच तो अजून माणसात होता.

"मग नाही म्हणा ना सरळ," त्याची बायको मंजुषा म्हणाली.

"साहेबांना? अप्रेझलच्या महिन्यात?"

शेवटी त्याने बेत आखला. असे लूर न्यायचे, की एकही सुरमई फिरकणार नाही. साहेब कंटाळतील आणि पुन्हा नाव काढणार नाहीत.

रोल्ला बाजारातल्या मासेमारीच्या दुकानात विक्रेत्या मुझम्मिलने त्याच्यापुढे चंदेरी, निळे, हिरवे लूर मांडले. "सर, ये सब चलता है."

"जो नहीं चलता, वो दिखाओ."

मुझम्मिलने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग वरच्या फळीवरून धूळ झटकत दोन लूर काढले. जांभळे, नारिंगी ठिपक्यांचे, डोळे वटारलेले.

"ये तो कोई नहीं लेता, सर."

"पॅक करो."

घरी मिहिकाने ते पाहून नाक मुरडलं. "बाबा, दे आर सो अग्ली." लेकीच्या पसंतीवर चारुदत्तचा पूर्ण विश्वास होता. तो निश्चिंत झाला.

पण मध्ये बुधवारी खंडेनवमी आली. मंजुषा शस्त्रांची पूजा कधी चुकवत नसे. लाल कापडावर विळी, कात्री, ड्रिल मशीन आणि लॅपटॉप यांच्या रांगेत तिने लूरही मांडले, हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं.

"पहिल्यांदाच जाताय," ती म्हणाली. "म्हटलं, यश मिळू दे."

 देवीने मनावर घेतलं, तर जन्माचे शनिवार गेले.

शनिवारी धक्क्यावर त्याने लूर दोरीला बांधायला घेतला आणि हात थबकला. लूरला हुकच नव्हते. त्याने बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"अगं, हुक कुठे आहेत?"

"अय्या, ते पूजेच्या कापडात अडकत होते, म्हणून काढून ठेवले. परत लावायचे राहिले. आता हो काय करायचं?"

"काही करू नकोस," तो म्हणाला. "देवी पावली."

साहेब जांभया देत होते. त्यांनी लूरकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट मोकळ्या पाण्यात आल्यावर त्यांनी चाक चारुदत्तच्या हाती दिलं. "सरळ चल. हळूहळू. थांबवू मात्र नको." असं म्हणून ते मागच्या गादीवर लवंडले आणि लगेच घोरू लागले.

चारुदत्त ऊन डोक्यावर येईपर्यंत बोट चालवत राहिला. मध्येच एकदा पाणी उसळलं, गळाची काठी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. कुणा सुरमईने हळद चाखून पाहिली असावी. त्याची पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते, पण मनातून तो खूश होता. पुढच्या शनिवारची उशी त्याला आत्ताच दिसत होती.

साहेब जागे झाले. त्यांनी बर्फाची पेटी उघडली. आत नुसता बर्फ. चारुदत्तने मान खाली घातली.

"सॉरी सर. मला वाटतं, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी..."

"हबीबी," साहेब म्हणाले, "माझ्या घरी तान्ही जुळी आहेत. बायकोला, नबिलाला, मासे आणतो सांगून मी इथे झोपायला येतो. पण तो अकाउंट्सचा सुजीत असले लूर आणायचा, की डोळा लागला की मासा लागलाच. यल्ला उठा, यल्ला ओढा. आज कितीतरी महिन्यांनी मी सलग झोपलो. तुझ्यासारखी निवड कुणाचीच नाही. आता दर शनिवारी तूच, इन्शाल्ला."

"येस सर," चारुदत्त म्हणाला आणि त्याने बोट धक्क्याकडे वळवली. अगदी हळू वळवली, कारण साहेब पुन्हा आडवे झाले होते.