अण्णांची म्हैस

आमच्या शेजारच्या अण्णांची म्हैस वर्षातून कितीही वेळा व्यायची. एकदा तर सकाळी व्यायली आणि संध्याकाळी परत व्यायली. आणि गंमत म्हणजे अण्णांकडे म्हैसच नव्हती. आडगाव नाक्याच्या अलीकडे आमची चाळ, अण्णांची एक खोली, त्यात एक खाट. म्हैस बांधणार कुठं?

हे प्रकरण मला कळलं तेव्हा मी चाटच पडलो. तुम्हीही पडाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अण्णा म्हणजे जन्मभर ट्रक चालवून थकल्यावर घरी बसलेला माणूस. एकटेच. बायको आम्ही चाळीत राहायला येण्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. सायकल लावायची तर उलटी फिरवून, तोंड रस्त्याकडे. दारातल्या चपलासुद्धा बाहेर तोंड करून. आईनं एकदा कारण विचारलं तर म्हणाले, निघायची वेळ आली तर वळवत बसायला नको. आता हा माणूस जाणार कुठं, तर फार तर भाजीबाजारात.

फोनची वेगळीच तऱ्हा. रिसीव्हर कानाला म्हणून लावायचा नाही. हातभर लांब धरायचा आणि ओरडायचं. एसटीडी बूथवाला म्हणायचा, अण्णा, तुमचा आवाज तसाच धुळ्यापर्यंत जातोय, उगाच बिल कशाला करता?

आणि तोंडात सदानकदा एकच वाक्य, "निरोप पोचला का?" मी एकदा त्यांना सहज सांगितलं, आईला म्हणावं मला उशीर होईल. थोड्या वेळानं बघतो तर अण्णा सायकल हाणत, मी काम शिकायचो त्या गॅरेजवर हजर. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "निरोप पोचला. आई बरं म्हणाली." पोरं आठवडाभर मला तेच ऐकवत होती.

तर अशा माणसाच्या हातात माझी पहिली नोकरी पडली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोबाईल असतात असं ऐकून होतो. मला नुकतंच अवजड गाडीचं लायसन मिळालं होतं आणि द्वारका चौक ते आडगाव नाका या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टच्या पाट्याच पाट्या. माझं मन एका मोठ्या कंपनीवर बसलं होतं. कोऱ्या गाड्या, केबिनमध्ये पंखा, शर्टावर आपलं नाव शिवलेलं. ऑफिसला काचेचं दार. त्यांनी सोमवारी रुजू व्हा म्हणून सांगितलंही होतं. माझ्यासारख्या नवख्याला असं कोण घेतं? पण आई म्हणाली, एकदा अण्णांना विचारून घे, त्यांचा जन्म यात गेलाय.

मला वाटलं, ते गाडीचं मॉडेल विचारतील, पगार विचारतील, रूट विचारतील. कशाचं काय. डोळे मिटले आणि म्हणाले, "सोमवारची घाई करू नको. आधी म्हैस विऊ दे."

मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

मग मला घेऊन बूथवर गेले. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून त्यांनी आधीच माहिती काढली होती, त्या मोठ्या कंपनीचा कोण ड्रायव्हर कुठं माल घेऊन गेलाय. अण्णांनी ऑफिसचा नंबर फिरवला, रिसीव्हर लांब धरला आणि बोंब ठोकली की मी त्याचा मेव्हणा बोलतोय, त्याला निरोप द्या, घरची म्हैस व्यायली. पलीकडचा साहेब गोड आवाजात म्हणाला, नोट केलंय. मी तोंड वासून बघत राहिलो. भर दुपारी, शंभर माणसांत, इतकं ठार खोटं.

आठवड्यानं तो ड्रायव्हर परत आला. अण्णांनी त्याला टपरीवर गाठलं आणि विचारलं, निरोप पोचला का? कसला निरोप, तो म्हणाला. अण्णांनी पुन्हा एकदा म्हैस व्यायला लावली, दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावानं. तोही निरोप काचेच्या दाराआड गडप झाला. अण्णा म्हणाले, ही कंपनी बाद. तोवर माझा सोमवार कधीच उलटून गेला होता आणि माझ्या जागी दुसरा कोणी नाव शिवलेला शर्ट घालून फिरत होता. मला रडायचं बाकी होतं.

दुसरी कंपनीही बरी होती. तिथला ड्रायव्हर मात्र हसत म्हणाला, मिळाला ना निरोप, पण मामा, माझ्याकडं म्हैस नाय हो. माझा जीव भांड्यात पडला. चला, झालं एकदाचं. पण अण्णांनी विचारलं, कधी मिळाला? तो म्हणाला, माल उतरल्यावर. आमचे शेठ घरचा निरोप आधी देत नाहीत, ड्रायव्हरचं लक्ष उडतं म्हणतात.

अण्णांचा चेहरा उतरला. हातातला भरलेला चहा तसाच ठेवून ते उठले आणि चालायला लागले. मी मागं पळत विचारलं, अहो, म्हैस व्यायल्याचं दोन तास उशिरा कळलं तर काय आभाळ कोसळलं?  त्या दिवसानंतर त्या ऑफिसाच्या बाजूनं अण्णा कधी चालले नाहीत. मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. एवढं काय झालं मला कळेना.

शेवटी नंबर लागला दौलतशेठचा. शेठ कसला, देवळा गावाकडचा कांद्याच्या धंद्यातला माणूस. जुन्यापान्या तीन गाड्या, राहत्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. फोन उचलायची त्याची बायको, तोही स्वयंपाक करता करता. मागं फोडणीचा आवाज यायचा. अण्णांनी नेहमीसारखी बोंब ठोकली, म्हैस व्यायली. पलीकडून वहिनींनी विचारलं, "वगार व्हयनी का टोणगा?"

म्हणजे मादी झाली की नर. इतक्या म्हशी व्यायल्या, पण हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.  अण्णा मोठ्या मुश्किलीनं म्हणाले, वगार. मग वहिनींनी म्हैस सुखरूप आहे ना विचारलं, पहिला चीक पिलाला पाजा म्हणून बजावलं आणि मगच फोन ठेवला. पुढं कळलं की इंदूरच्या मंडीत शेठच्या ड्रायव्हरनं गाडी उभी केली तेव्हा माल विकून देणारा आडत्या निरोप घेऊन समोर उभा होता. चीक पाजायच्या सूचनेसकट.

अण्णा मला म्हणाले, "तुझी कंपनी ठरली."

मला धक्काच बसला. पंखा गेला, कोरी गाडी गेली आणि हातात आली ती एक म्हातारी गाडी, जिचं दार तारेनं बांधलेलं. कशावरून, तर एका बाईनं वगार का टोणगा विचारलं म्हणून. पण दुसरीकडं जागाही राहिली नव्हती. मुकाट्यानं रुजू झालो.

वाटलं होतं, आता तरी म्हैस थांबेल. छे. मी जिथं जाईन तिथं अण्णांचा निरोप माझ्या आधी पोचलेला. इंदूरला निरोप, वगार चालायला लागली. नागपूरला निरोप, वगार चारा खाते. हैदराबादचा आडत्या, पांढरीशुभ्र मिशी, गंभीर चेहऱ्यानं मला सांगतो, भाऊ, आपकी भैंस की बच्ची गुम हो गयी थी, मिल गयी. अख्खी मंडी माझ्याकडं बघत होती. परत आल्यावर मी अण्णांवर चिडायचो, कंपनी पास झाली ना, मग आता कशाला? ते हातानं माशी वारल्यासारखं करायचे आणि विचारायचे, निरोप पोचला का?

असं बरंच चाललं. मग एकदा हैदराबादला गाडी लावतोय तोच आडत्या पळत आला. या वेळी वगार नव्हती. अण्णा सिरियस, ताबडतोब निघ.

 गाडीत काठोकाठ कांदा, अजून एकही गोण उतरली नव्हती. शेठला फोन लावला. मी काही बोलायच्या आत शेठ म्हणाला, चावी आडत्याकडं दे आणि मिळेल ती बस पकड, मालाचं मी बघतो. वहिनींनी मागून सांगितलं, आधी काहीतरी खाऊन घे. मी काही खाल्लं नाही. बसमध्ये सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात अण्णांशी बोलत होतो, त्यांच्याशी एकदा तरी नीट बोलायला हवं होतं असं वाटत होतं.

चाळीत शिरलो तर अण्णा दारात बसलेले. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, नजर रस्त्यावर. ठणठणीत.

माझा विश्वासच बसेना. मग जे डोकं फिरलं, विचारू नका. तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला लाज वाटते का, शेठचा कांदा वाऱ्यावर सोडून आलोय, रस्ताभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चाळ गोळा झाली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "माल उतरला होता?"

"नाही."

"तरी सांगितलं?"

"सांगितलं. आणि सोडलंही."

अण्णा मान हलवत राहिले. मग खाली बघूनच बोलायला लागले. त्यांची बायको आजारी होती तेव्हा ते द्राक्षं घेऊन दिल्लीला गेले होते. शेजाऱ्यांनी त्यांच्या त्या वेळच्या शेठच्या ऑफिसात निरोप दिला होता. दिल्लीत अण्णांचं शेठशी फोनवर बोलणंही झालं. पण द्राक्षं खराब होतील म्हणून शेठनं माल उतरेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

"मी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं," अण्णा म्हणाले. "शेवटपर्यंत दाराकडं बघत विचारत होती म्हणे, निरोप पोचला का, निरोप पोचला का."

 ज्या वाक्यावर आम्ही पोरांनी इतकं हसून घेतलं होतं, ते वाक्य त्यांचं नव्हतंच.

"माझ्यासाठी कोणी निघतं का, तेवढंच बघायचं होतं रे," ते म्हणाले. "चुकलं माझं. चल, शेठला सांगू."

बूथवर गेलो. मी नंबर फिरवला. वहिनींनी पहिल्याच घंटीला फोन उचलला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, अण्णा कसे आहेत? मी सांगितलं, बरे आहेत, इथंच उभे आहेत, आणि झाला तो सगळा प्रकार सांगून टाकला.  मला वाटलं, आता नोकरी गेली. मग वहिनींनी विचारलं, आणि वगार?

मी रिसीव्हर अण्णांकडं दिला. अण्णांनी तो लांब धरला नाही. दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "वगार चांगली आहे, वहिनी. मी पण."