टोपलंभर सुका कचरा

समाजसेवेला आधी कचरा लागतो. कचऱ्याशिवाय सेवा उभीच राहत नाही, हे मला माझी बायको गेली त्या दिवशी नीट कळलं.

सकाळचे नऊ. खबर अजून शेजारच्या दोन घरांपलीकडे गेली नव्हती. दारात टोप्या घातलेली दोन पोरं येऊन उभी राहिली.

"आजोबा, मावशींनी आज कचरा टाकला न्हाई."

"मावशी गेली."

"कुठं गेल्या? कवा येतील?" (आदल्या दिवशी या पोरांसाठी 'वेळेचं नियोजन' या विषयावर व्याख्यान झालं होतं.)

खुलासा करतो. माझी बायको सगुणाबाई अकरा वर्षं विहाराशेजारची अभ्यासिका सांभाळायची. सकाळी सहाला कुलूप काढायची, खोली आणि अंगण झाडायची, पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या नऊ मुलींसाठी माठ भरायची. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. (नेमणुकीचा कागद नसताना काम करणं नियमात बसत नाही, हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही.)

यंदा चुडाव्याजवळच्या आमच्या गावात एका कॉलेजचं सात दिवसांचं युवा विकास शिबिर आलं. चाळीस स्वयंसेवक, चाळीस खराटे, एक बॅनर. पहिल्या दिवशी ते नऊला पोचले, तर अंगण स्वच्छ. स्वच्छ अंगणात खराटा धरून काढलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. शिबिरप्रमुख रामप्रसाद सर व्यवहारी माणूस.

"मावशी, तुमी लय लवकर झाडायलात. पोरांनी सेवा कशाची करावी?"

"मंग उकिरड्यावरून टोपलंभर आणून टाकू का, सर?" सगुणानं टोमणा मारला.

"टाका की. पण सुका टाका. पोरांना वास सहन होईना."

तेव्हापासून ती सहाला झाडायची, साडेआठला कचरा पसरायची आणि फोटो झाले की उरलेला पुन्हा झाडायची. शिबिरामुळे गावातली झाडलोट दुप्पट झाली, असं अहवालात लिहिलंय. ते खरं आहे.

पाचव्या दिवशी ती उठलीच नाही.

सरांनी वेळ दवडला नाही. कार्यक्रमपत्रिकेत उरलेल्या दोन दिवसांचं 'श्रमदान' खोडून 'शोकाकुल कुटुंबास भावनिक आधार' असं लिहिलं. पोरं दोघं दोघं करून माझ्यासमोर एकेक तास बसली. वाईट नव्हती पोरं. एका पोरीला तर खरंच रडू आलं. (तिचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतलाय.) चहा मी केला. शेवटी लाभार्थी म्हणून फॉर्मवर सही केली. 'सेवेमुळे लाभार्थ्याच्या स्थितीत सुधारणा झाली काय?' यापुढे 'होय' छापलेलंच होतं, त्यामुळे मला त्रास पडला नाही.

समारोपाला चाळीस प्रमाणपत्रं वाटली. मी सगुणाचं विचारलं.

"काका, त्यांची नोंदणीच न्हाई," सर हळू आवाजात म्हणाले. "तास कुठं दाखवू?"

रोजचे दोन धरले तरी अकरा वर्षांचे आठ हजार तास होतात. नोंदलेले शून्य. सरांचा इलाज नव्हता.

काल साक्षी आली. नऊ मुलींतली ती एक. तिची लेखी परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय.

"आबा, अभ्यासिका कवा उघडायची? घरात धा माणसं अन् टीव्ही. वाचणं होईना."

"पुढलं शिबिर येऊ दे."

"ते झाडतेत, आबा. उघडत न्हाईत."

तुम्ही इथपर्यंत वाचलंत, थोडं हळहळलात. त्याचा अर्धा तास तुमच्या नावावर धरायला माझी हरकत नाही. फॉर्म शिल्लक आहेत, 'होय' छापलेलंच आहे, सही मी करतो.

किल्ली सगुणाच्या लुगड्याच्या पदराला बांधलेली आहे. लुगडं खुंटीवर आहे. गाठ सोडायची राहिली आहे.