तात्यांची वीस पावलं

आमच्या शेजारचे तात्या कोंबडी खात नाहीत, पण आमच्या अंगणात कोंबडी भाजायची म्हटलं की सगळ्यांआधी हजर. एका हातात भिजवलेलं गोणपाट, दुसऱ्या हातात वाळूची बादली. राम राम नाही, थेट हुकूम. "मास्तर, शेगडी पाचटापासनं लांब घ्या. वीस पावलं. माजी पावलं, तुमची न्हाय."

सांगवीत आमची घरं उसाला लागून. कुंपणाशी वाळलेल्या पाचटाचा ढीग कायमचाच. त्यामुळे तात्यांचं म्हणणं बरोबर असायचं, आणि तीच खरी पंचाईत. दर रविवारी बरोबर बोलणारा माणूस कोणाला हवा असतो? बायकोला ते ओढणी काढून ठेवायला लावत. मला तर एकदा भर पाहुण्यांत लुंगी सोडून पँट चढवायला लावली. "जाळाला पावणा कळत न्हाय," हे त्यांचं पालुपद. वर निघताना एक भाजलेलं कणीस कागदात गुंडाळून न्यायचे. आम्ही त्याला तपासणीची फी म्हणायचो.

मागच्या महिन्यात पुण्याहून मेहुणा नवी कोरी शेगडी घेऊन आला. म्हणाला, "दाजी, आज तात्या नकोत." मलाही पटलं. तात्या बारामतीला गेलेले बघून आम्ही भर दुपारी कोळसे मांडले. ते धुमसत राहिले, पेटेनात. मेहुण्यानं फवारणी पंपासाठी ठेवलेलं पेट्रोल आणलं आणि बाटलीनंच वर ओतलं.

भडका उडाला. त्यानं घाबरून बाटली भिरकावली ती नेमकी पाचटावर. पाचट पेटलं. मी काय केलं? "अरे, अरे" म्हणालो.

तेवढ्यात कुंपणावरून ओलं गोणपाट आलं आणि मागोमाग तात्या. नुकतेच एसटीतून उतरून घरी पोचले होते, आमचा धूर बघून गोणपाट भिजवून निघालेले. गोणपाट, वाळू, पुन्हा गोणपाट, आणि पाचटाची आग विझली. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. पण त्यांनी मेहुण्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. तो धड होता. तरी त्यांनी दुसराही तसाच पाहिला.

"पेट्रोल समदं जळू द्या," ते एवढंच म्हणाले, "मग एक कणीस टाका."

शरमेनं मीच कणीस पोचवायला गेलो. तात्यांची बायको, आमच्या काकू, ओट्यावर बसल्या होत्या. नेहमी पदराखाली असणारा त्यांचा उजवा हात आज उघडा होता. कोपरापर्यंत भाजल्याचे जुने व्रण, बोटं आखडलेली.

माझी नजर पाहून काकू हसल्या. "नवीन लगीन हुतं. मला कणसं लई आवडायची. पेटंना म्हून ह्यांनी राकेल वतलं."

तात्या कणसाचा एकेक दाणा काढून, फुंकून काकूंच्या डाव्या तळव्यावर ठेवत होते. आमच्या फीचा हिशेब मला आता कळला आणि फार लाज वाटली.

"मास्तर, पावलं मोजली हुती का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही, तात्या."

"तवा मी बी न्हवती मोजली," ते म्हणाले आणि पुढचा दाणा फुंकू लागले.