पाणी कोंडून पाहावे

माझ्या परवानगीशिवाय आमच्या घरात पाण्याचा थेंबसुद्धा शिरू शकत नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे!

रांगतं मूल घरात असलं की बाकीच्या आया पोर रडलं म्हणून दचकतात. मी भिंतीला ओल आली की काय म्हणून दचकायचे. ओल म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे खोकला, खोकला म्हणजे दवाखाना, आणि त्यापुढचं तर बोलायलाच नको. आमची भिंगरी (हे लेकीचं लाडाचं नाव, एका जागी टिकेल तर शपथ!) रांगायला लागल्यापासून मी येताजाता भिंतींवर तळहात टेकवत असे. नवरा म्हणायचा, ताप मोजतेस का भिंतीचा?

तर मी नोकरीवर परत रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात बाल्कनीतल्या फरश्यांचे सांधे मला जरा पोकळ दिसले. झालं! तडक लेपाचा डबा आणला आणि गुडघ्यांवर बसून सांधा न् सांधा भरून काढला. डब्याच्या पाठीवर सूचना होती: लेप वाळल्यावर पाणी जाण्याची वाट बंद करून दिवसभर पाणी कोंडून ठेवावे व कोठे पाझरते का ते पाहावे.

वा! परीक्षा म्हटली की मला लहानपणापासून हुरूप येतो. बाल्कनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीत जुन्या टॉवेलचा बोळा कोंबला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर मातीने भरलेली कुंडी. नळाला पाइप लावून घोटाभर पाणी भरलं. खडूने भिंतीवर पाण्याची रेघ मारली. मग बाल्कनीलगतची बैठकीच्या खोलीची भिंत चाचपत बसले. ठणठणीत कोरडी! उंबऱ्याशी वर्तमानपत्र पसरलं होतं, तेही कोरडं. माझा ऊर भरून आला.

थोड्या वेळाने नवऱ्याने विचारलं, पाणी रेघेच्या खाली कसं उतरलं? मी त्याला बाष्पीभवन समजावून सांगितलं. ऊन बघ केवढं आहे, म्हटलं. नववीत शिकला असशील ना? तो गप्प बसला. नववीचा विषय काढला की तो गप्पच बसतो. मी पुन्हा रेघेपर्यंत पाणी भरलं. ते पुन्हा उतरलं, मी पुन्हा भरलं. त्या दिवशी आमच्या बाल्कनीवरून जेवढी वाफ आभाळात गेली, तेवढी समुद्रावरूनही गेली नसेल!

त्याच दुपारी आमची खरी परीक्षा होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू पाळणाघर चालवतात. गावभरची पाळणाघरं मी बघितली होती आणि नापास केली होती. एकाची फरशी निसरडी, दुसऱ्याच्या खिडक्या बुटक्या, तिसरीकडच्या बाईंना स्वतःलाच शिंका! उरल्या या काकू. त्यांच्याकडे जागा एकच, आणि ती द्यायची की नाही हे त्या मुलाला आणि आईला समोर बसवून ठरवणार. इकडे साहेबांनी सांगून ठेवलेलं, सोमवारी आला नाहीत तर तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी असेल. म्हणजे काकूंनी नाही म्हटलं की नोकरी गेली.

नवऱ्याला पाण्यावर पहाऱ्याला बसवलं आणि लेकीला कडेवर घेऊन खाली गेले.

दार उघडलं तेव्हा काकूंनी ओढणी कमरेला खोचलेली, हातात फडकं, घामाने डबडबलेल्या. त्यांनी बाल्कनी बंद करून तिथे मुलांची निजायची खोली केली आहे. मी तिथे डोकावले आणि हबकलेच! छताला भलाथोरला ओला डाग. त्यातून धार लागलेली. खाली बादली, आणि बादलीपुढे पाच-सहा पोरं पेले घेऊन ओळीने उभी, जणू पाणपोईच! गाद्यांची चळत कोपऱ्यात. मोरीतून धाडधाड आवाज येत होता. गळती कुठली ते सापडेना म्हणून प्लंबर तिथली भिंत फोडत होता.

आता माझ्यातली आई गप्प कशी बसणार? मी ओल, बुरशी आणि खोकला या क्रमाने काकूंना सगळं ऐकवलं. मुलं झोपतात त्या खोलीत ही दशा! प्लंबरलाही सांगून आले की अशी वरवर भिंत टोकरून काय होणार, डावीकडे खोल फोडा. बिचाऱ्याने ऐकलं. डावीकडच्या सगळ्या टाइल्स खाली आल्या.

"अहो, सकाळपर्यंत सगळं कोरडं होतं," काकू पडेल आवाजात म्हणाल्या.

"एका दिवसात ओल येत नसते, काकू," मी म्हटलं. "त्यामागे कोणाचं तरी दुर्लक्ष असतं."

तेवढ्यात फोन वाजला. कडेवर लेक, म्हणून मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"अगं, पाणी परत उतरलंय," नवरा म्हणाला. "तू म्हणालीस म्हणून पाइप सोडलाय. या वेळी रेघेच्या जरा वरच भरतो, म्हणजे सारखं सारखं नको."

छतातली धार चांगली करंगळीएवढी झाली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

काकूंनी छताकडे बघितलं. मग फोनकडे. मग माझ्याकडे. मोरीतला हातोडा थांबला. माझ्या पायाखालची फरशी सरकली, आणि मला वाटलं ती सरकून मला सरळ तळमजल्यावर नेईल तर किती बरं होईल! कुठे पाझरतं ते बघा, असं डब्यावर लिहिलं होतं. माझ्या फरशीतून पाझरलेलं पाणी माझ्या घरात कसं दिसणार, हे मला, पदवीधर बाईला, सुचलं नव्हतं!

वर धावले, नळ बंद केला, बोळा उपटला, पुन्हा खाली धावले. मोरी आम्ही बांधून देतो, छत रंगवून देतो, गाद्या मी स्वतः वाळवते, असं काय काय बोलत सुटले. काकू फडकं पिळत होत्या.

"नोकरी पूर्ण वेळ का?" त्यांनी विचारलं.

"हो. सकाळी गेले की संध्याकाळीच."

"आणि हे मघाशी फोनवर होते ते?"

"तोही."

"म्हणजे दिवसभर वर कोणीच नसतं?"

"कोणीच नाही."

काकूंनी फडकं झटकलं. "मग सोमवारपर्यंत कशाला थांबता? उद्यापासूनच लेकीला सोडा नि कामावर रुजू व्हा. आणि ऑफिसात जास्तीचं काम असलं तर खुशाल थांबत जा."

नातेवाइकांना मी एवढंच सांगते, की भिंगरी काकूंना बघताक्षणी आवडली.