एका ओळीत तीनशे पाहुणे

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची यादी मी एका ओळीत लिहायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या नारिनकडे, डोंगरातल्या मेंढपाळांच्या मुलखात, मेजवानीत कुणाला मेंढ्याचं कुठलं हाड मिळतं त्यावर माणसाची इज्जत ठरते. मागच्या मेजवानीला मी त्या वाटपाची नावं एकाखाली एक लिहिली होती. आपलं नाव धाकट्या भावाच्या खाली पाहून एक चुलत सासरे जे रुसले, ते आजतागायत माझा सलाम घेत नाहीत. म्हणून यंदा युक्ती काढली: एंटर दाबायचंच नाही. सगळे एका ओळीत, कोणी कुणाच्या खाली नाही. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या सात पिढ्या आणि त्यांचे पराक्रम. पंधरा दिवस कचेरीत मी दुसरं काम केलं नाही. (तसं एरवीही करत नाही.)

मेजवानीच्या दुपारी माझा मेव्हणा मेदेर सुरी पुसत तंबूत आला. "दाजी, वाचा लवकर. मटण निवतंय."

मी लॅपटॉपवर फाईल उघडली. ओळीचा सुरुवातीचा तुकडा दिसला आणि पडदा तिथंच थिजला. बटणं दाबली, ढिम्म. टपली मारली, तरी ढिम्म.

"काय झालं?" माझी बायको बुरुलचा डोकावली.

"ओळ फार लांब झाली. त्याला पेलवत नाहीये."

"मग तोडा की चार ठिकाणी."

"तोडायला आधी उघडायला हवी."

"अहो, बाबांची ऐंशी वर्षांची अब्रू त्या डबड्यात कोंडून ठेवलीत तुम्ही. आता तीनशे माणसं रुसून उठली की बसा समजूत काढत."

इतक्यात सासरे, असानकादिर, चष्मा सावरत आले. पडद्यावर होतं तेवढं त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "डोकं – तुरदाकुन."

मेंढ्याचं डोकं असतं सर्वांत वडीलधाऱ्याचं. तुरदाकुन म्हणजे मी, वय सत्तेचाळीस. (लॅपटॉप चालतोय का बघायला मी आधी स्वतःचं नाव टाकलं होतं, ते पुसायचं राहिलं. त्याला डोकंच का दिलं, ते विचारू नका.)

तंबूतल्या तीनशे माना माझ्याकडे वळल्या. सासरे भडकले असते, तर अख्खा गोतावळा उठून गेला असता.

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, "मेदेर, लिहिलंय ना? मग डोकं ह्यांना दे. बाकीच्यांचं मी सांगतो."

आणि सांगितलं की! तीनशे पाहुण्यांची हाडं, कुठेही न अडखळता, तोंडपाठ. कोणी रुसलं नाही. मी मात्र मानाच्या जागी बसून, समोरच्या मेंढ्याची नजर चुकवत जेवलो.

तेव्हापासून सासरे मला 'अक्साकाल' म्हणतात, म्हणजे पांढऱ्या दाढीचे आजोबा. परवा कुरणाकडे जायला मी त्यांचा घोडा मागितला. त्यांनी मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि गुडघ्यांवर शाल घातली. "ह्या वयात घोडा झेपायचा नाही तुम्हाला, अक्साकाल," असं म्हणून ते स्वतः टांग मारून निघून गेले.