लोणी यायलंय

आमच्या पेडगावात पहाटे घुसळायला बसणारा एकच गडी होता, हरबाकाका. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. सहा फुटांचा देह, डोईवर पटका आणि हातात रवीची दोरी. बाकी साऱ्या घरांत हे बायांचं काम. काका मात्र माजघराची कडी आतून लावून घ्यायचा. मग घर्र, घर्र. बाहेर यायचा तेव्हा मिशीवर ताकाचे शिंतोडे.

"काय हरबाबाई, आलं का लोणी?" लोक चिडवायचे.

काका मिशी पुसायचा. "बाईच्या हाताला लोणी रुसतंय बाबा. म्या काय करू?"

एकदा गिरदावरसाहेब पीक पाहायला आले अन् ओट्यावर बसले. निजामाचा अंमल, अख्खं गाव हात जोडून उभं. आतून काकाचा आवाज आला, "बसा म्हणावं जरा. लोणी यायलंय." साहेब बसले. नंतर दोन तांबे ताकही प्याले.

लोणी यायलंय, हे काकाचं सगळ्यालाच उत्तर असायचं. पंचायतीला बोलवा, पंगतीला बोलवा, लोणी यायलंय.

बैलगाडी उलटली तेव्हापासून गोदाकाकूचा उजवा खांदा निकामी झाला होता. हात वर जातच नसे. काकाची थोरली बहीण, आमची मानवतची आत्या, त्या चैत्रात आली ती एक मुलगी हेरूनच. "घुसळण होत न्हाई ती बाईल काय कामाची? दुसरी कर हरबा."

काकू चुलीपुढं बसून ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली नाही.

काका म्हणाला, "अक्का, कुणी बी आण. ह्या डेऱ्यात बाईला लोणी येतच न्हाई. उद्या तूच घुसळ. आलं, तर तू म्हणशील ते."

आत्या हसली. लोण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

सकाळी ती मोठ्या तोऱ्यात बसली. ओढून ओढून अंबाडा सुटला, उन्हं ओसरीवर आली, पण रवीला नुसता फेस. शेवटी तिनं दोरी टाकली. काकानं रांजणातलं गार पाणी तांब्याभर ओतलं, हिसके दिले, आणि लोण्याचा गोळा वर तरंगला.

"रुसलं हुतं बघ," काका म्हणाला.

मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज दोघंही बहीणभाऊ हयात नाहीत, म्हणून सांगून टाकतो. आदल्या संध्याकाळी काकानं डेरा चुलीच्या उबेला सरकवलेला मी पाहिला होता. कोमट दह्यात लोणी गोळा होत नाही. आत्यानं बोट बुडवलं असतं तरी तिला कळलं असतं. मी गप्प राहिलो. "माझा हातच उतरला रे," असं ती मरेपर्यंत म्हणायची, तेव्हा माझी मान खाली जायची. तरीही पुन्हा वेळ आली तर गप्पच राहीन.

कारण नंतर एकदा माजघराची कडी नीट लागली नव्हती आणि मी दार लोटलं. डेऱ्याच्या दोन बाजूंना दोघं बसलेली. दोरीचं एक टोक काकाच्या हातात, दुसरं काकूच्या डाव्या हातात. तो ओढी, ती सैल सोडी. ती ओढी, तो सोडी. काकू कशाला तरी खुदूखुदू हसत होती.

माझ्या घरी बायको आजवर दोन्ही टोकं एकटीच ओढत आलीय, हेही कबूल करतो.

काकानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हात थांबवला नाही.

"दार लाव," तो हळूच म्हणाला. "लोणी यायलंय."