वाळूखालचं बिऱ्हाड

वाळूची टेकडी एखाद्या घरावरून पार व्हायला पंचवीसेक वर्षं घेते, आणि तेवढा काळ घरातली माणसं आतच राहतात. हेळेवाडीत याचं कुणाला नवल वाटत नाही. समुद्रावरचा वारा टेकडीच्या पाठीवरची वाळू उचलतो, माथ्यावरून गावाच्या बाजूला टाकतो, आणि टेकडी थोडीथोडी पुढे सरकते. पुढची घरं बुडतात, मागची उघडी पडतात. हरी कुबल बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातली विडी अजून पेटलेली होती. त्याची बायको मधल्या काळात म्हातारी होऊन वारली होती. त्याला ते समजावून सांगण्यात गावाची अख्खी दुपार गेली.

मथुरा तांडेलचा नवरा जयवंत अजून आत होता. वाळू उंबऱ्याला लागली तेव्हा मथुरा तान्ह्या शेवंतीला घेऊन बाहेर पडली. "जाळा तेवढा विणून येतंय," जयवंत म्हणाला, आणि आला नाही. मथुराने मासळी विकून मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. टोपली घेऊन टेकडीला वळसा घालताना ती आपलं घर असेल त्या जागेकडे बघायची. सुरुवातीला राग यायचा. पुढे तोही येईनासा झाला.

शेवंतीचं घर टेकडीच्या पुढ्यात होतं. त्याच्या मागे खाडी, म्हणजे घर आणखी मागे न्यायला जागा नव्हती. यंदा वाळू तिच्या परसात आली, तेव्हा पंचायतीने टेकडी थांबवायचं ठरवलं. रोपवाटिकेचे परुळेकर सभेला आले. सुरूची रोपं लावायची, आणि त्यांच्यामध्ये वाळू धरून ठेवायला मर्यादवेल, असं त्यांनी सांगितलं.

"आणि आतली माणसा?" मथुराने विचारलं.

"राहतील की. त्यांना काही होत नाही. टेकडी पुढे जाणार नाही, म्हणजे ती बाहेर येणार नाहीत, एवढंच."

"कधीपर्यंत?"

"झाडं आहेत तोवर."

सरपंचांनी घसा खाकरला. ज्या घरावर लागवड व्हायची, तिथलं पहिलं रोप त्या घरच्याच माणसाने लावायचं, असा नियम होता. कुणी नाही म्हटलं, तर तेवढी जागा मोकळी ठेवावी लागे. आणि एक जागा मोकळी राहिली, तरी वारा तिथूनच टेकडी फोडतो, हे परुळेकरांनी हातवारे करून दाखवलं.

सभेहून घरी आल्यावर शेवंती पोरांच्या गोधडीतली वाळू झटकत राहिली.

"आये, तू काय ता ठरव," ती शेवटी म्हणाली. "माका बाबा आठवणत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरा रोप घेऊन टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला गेली. तिथे तिच्या आणि जयवंतच्या घराच्या कौलांचा एक कोपरा नुकताच उघडा पडला होता. तिने कौलावर बोटाने टकटक केली.

"कोण गो?"

"मी."

"इतक्यात इलंस? भात शिजूक नाय अजून."

आवाज जुनाच होता, तिच्यापेक्षा पुष्कळ तरुण. मथुरा वाळूत बसली.

"टेकडी थांबवतत," ती म्हणाली. "शेवंतीचा घर वाटेत इला."

"शेवंतीचा घर? ता पाळण्यात निजला ना?"

"आता तिका दोन पोरां आसत."

आत पाट सरकवल्याचा आवाज आला.

"एक पावस थांब गो. कौलातसून उजेड येवक लागलो आता. माका माझो हात दिसता."

मथुराने कौलांवर दोन्ही हातांनी वाळू ओढली, खड्डा केला, रोप उभं धरलं आणि बुंध्याभोवती वाळू घट्ट दाबली. खालून त्याने दोनदा तिचं नाव घेतलं. तिने तांब्यातलं पाणी सावकाश ओतलं आणि खाली उतरली.

टेकडी थांबली. शेवंतीच्या परसात अळू आलं. दोन वर्षांनी परुळेकर पाहणीला आले. बाकीची रोपं कमरेएवढी होती, मथुराचं मात्र तिच्या डोक्यावरून गेलं होतं.

"याच्या मुळांना खाली पाणी सापडलंय," ते खूश होऊन म्हणाले. "घरात विहीर होती का?"

"विहीर नाय," मथुरा म्हणाली. "भरलेलो रांजण होतो."

परुळेकरांनी मान हलवली. "मग आता याला वरून पाणी घालू नका," ते म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे वळले.